१९६७: अपोलोची चौकशी आणि पेटलेल्या शहरांची चौकशी. अमेरिकन काँग्रेसने कुणाला काय विचारलं?

टाचण (धागाकर्ता)

अपोलोचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘शहरं जळत होती आणि हे चंद्रावर निघाले होते.’ त्याला ठरलेलं उत्तरही तयार असतं, ‘मग नासा बंद केली असती तर गरिबी हटली असती का?’ यापुढे कुणी जातच नाही. मला ही चर्चा १९६७ सालात न्यायची आहे. त्या एका वर्षात वॉशिंग्टनमध्ये दोन चौकश्या सुरू झाल्या. त्या शेजारी-शेजारी ठेवल्या की खर्चाचा वाद मला दुय्यम वाटायला लागतो.

पहिली चौकशी. २७ जानेवारी १९६७ च्या संध्याकाळी केप केनेडीच्या ३४ क्रमांकाच्या तळावर अपोलो यानात सराव चालू असताना आग लागली आणि गस ग्रिसम, एड व्हाइट, रॉजर चॅफी हे तिघे आतच मरण पावले. यान जमिनीवर होतं, खालच्या रॉकेटमध्ये इंधन नव्हतं, म्हणून ही चाचणी धोक्याची आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं. आत शुद्ध ऑक्सिजन, तोही बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाबाने भरलेला. जागोजागी नायलॉनच्या जाळ्या आणि वेल्क्रोच्या पट्ट्या. दार आतल्या बाजूला उघडणारं, आणि सगळं सुरळीत असतानाही ते उघडायला दीडेक मिनिट लागायचं. आगीने आतला दाब वाढल्यावर ते माणसाच्या ताकदीने उघडणं शक्यच नव्हतं.

सिनेटच्या अवकाश समितीपुढे नासाचे प्रमुख जेम्स वेब आणि त्यांचे सहकारी हजर झाले. अध्यक्षस्थानी न्यू मेक्सिकोचे क्लिंटन अँडरसन होते. २७ फेब्रुवारीच्या बैठकीत मिनेसोटाचे वॉल्टर मॉन्डेल यांनी एकच गोष्ट लावून धरली: यान बांधणाऱ्या नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या कंपनीच्या कामावर ताशेरे मारणारा ‘फिलिप्स अहवाल’ तुमच्याकडे आहे का? समोरून सरळ ‘हो’ आलं नाही. अहवाल होता. अपोलोचे संचालक जनरल सॅम्युएल फिलिप्स यांनी तो डिसेंबर १९६५ मध्ये, म्हणजे आगीच्या वर्षभर आधी, कंपनीच्या अध्यक्षांना पाठवला होता. वेळापत्रक कोलमडलंय, खर्च हाताबाहेर चाललाय, कामाचा दर्जा घसरलाय, सगळं त्यात होतं. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कचे प्रतिनिधी विल्यम रायन यांनी तो उघड केला आणि नासाची पुरती अडचण झाली.

पण पुढे काय झालं ते पाहा. दार नव्याने बनवलं, बाहेर उघडणारं आणि काही सेकंदांत मोकळं होणारं. जळणाऱ्या वस्तू काढल्या. तळावर असताना शुद्ध ऑक्सिजनऐवजी ऑक्सिजन-नायट्रोजनचं मिश्रण आलं. कंपनीतली आणि नासातली जबाबदार माणसं बदलली. ऑक्टोबर १९६८ मध्ये अपोलो ७ तीन माणसांना घेऊन उडालं आणि सुखरूप परतलं.

दुसरी चौकशी उन्हाळ्यातली. १२ जुलैला न्यू जर्सीतलं न्यूअर्क वांशिक दंगलीत पेटलं, २६ माणसं मेली. २३ जुलैला पहाटे डेट्रॉइटच्या बाराव्या रस्त्यावर पोलिसांनी दारूच्या एका बेकायदा अड्ड्यावर धाड टाकली. तिथून जे भडकलं ते आटोक्यात आणायला छत्रीसैनिक उतरवावे लागले. ४३ मृत, सात हजारांवर अटका. आठवडा उलटायच्या आत राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी इलिनॉयचे गव्हर्नर ऑटो कर्नर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २९ फेब्रुवारी १९६८ ला अहवाल आला. हा देश दोन समाजांकडे चालला आहे, एक काळा, एक गोरा, वेगळे आणि असमान, असं त्याने बजावलं. नुसतं बजावलं नाही, तर तीन वर्षांत २० लाख रोजगार आणि पाच वर्षांत ६० लाख घरं असा ठोस हिशेबही मांडला. जॉन्सन यांनी तो अहवाल समारंभाने स्वीकारायचंही टाळलं.

माझं म्हणणं एवढंच: एका दारासाठी ज्या चिकाटीने प्रश्न विचारले गेले, तशी चिकाटी बाराव्या रस्त्यासाठी कुणी दाखवली नाही. नासाला जास्त प्रश्न विचारले हे चूक नव्हतं. शहरांना सामोरं जाणाऱ्या खात्यांना, पोलिसांना, महापालिकांना तितके विचारले गेले नाहीत, हे चूक होतं.


अवकाशवेडा

टाचण, मांडणी आवडली, निष्कर्ष पटला नाही. तुम्ही काँग्रेसच्या प्रश्नांना फारच उजळ रंग दिलाय.

अपोलोच्या चौकशीतून दार बदललं हे खरं, पण त्याच वर्षी नासाच्या भविष्याचा गळाही आवळला गेला. १९६८ च्या आर्थिक वर्षासाठी सुमारे ५१० कोटी डॉलरची मागणी होती, हातात पडले ४५९ कोटी. मंगळावर स्वयंचलित यानं उतरवण्याची योजना मोडीत निघाली. अपोलोनंतर काय, याचं उत्तर असलेला कार्यक्रम कापला गेला. ऑगस्ट १९६८ मध्ये वेब यांना सॅटर्न ५ रॉकेटचं उत्पादन थांबवायचा आदेश द्यावा लागला, म्हणजे चंद्रावर पाऊल पडायच्या अकरा महिने आधीच चंद्रावर नेणारा कारखाना बंद करायचं ठरलं होतं.

आणि हे सगळं शहरांच्या नावाने झालं. ते पैसे शहरांना मिळाले का? तारखा बघा. १७ जुलैला न्यूअर्क शांत झालं. २० जुलैला प्रतिनिधीगृहापुढे गरीब वस्त्यांमधल्या उंदरांचा बंदोबस्त करण्याचं विधेयक आलं. दोन वर्षांत मिळून चार कोटी डॉलर. झोपलेल्या तान्ह्या बाळांना उंदीर चावत होते, त्यासाठी. सभागृहात उंदरांवरून विनोद झाले, सभासद पोट धरून हसले, आणि २०७ विरुद्ध १७६ मतांनी विधेयक चर्चेलाही न घेता फेटाळलं. तिसऱ्या दिवशी डेट्रॉइट पेटलं. नासाचे ५० कोटी कापणारी काँग्रेस हीच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

पैसा जात होता व्हिएतनामला, वर्षाला २,००० कोटी डॉलरच्या घरात. त्याच्यापुढे अपोलो किरकोळ होतं. पण चालू युद्धाला हात लावायची धमक नव्हती. नासाकडे बंदूक नव्हती, म्हणून नासा सापडली.


ऋतुगंध

अवकाशवेडा, उंदरांच्या विधेयकाची गोष्ट खरी आहे आणि लाजिरवाणी आहे. मात्र पुढचंही सांगा ना. देशभरातून छी-थू झाल्यावर त्याच वर्षी काँग्रेसने ती तरतूद दुसऱ्या आरोग्यविषयक कायद्यातून मंजूर केली. म्हणजे डोळ्यांत अंजन घातलं की या सभागृहाला दिसत होतं.

आणि नासाला बिचारी ठरवू नका. १९६६ मध्ये केंद्रीय खर्चातले १०० पैकी साडेचार डॉलर या एका संस्थेला जात होते. कुठे खर्च होत होते? ह्यूस्टन, हंट्सव्हिल, केप, दक्षिण कॅलिफोर्निया, लुइझियाना. न्यूअर्कच्या सेंट्रल वॉर्डमध्ये त्यातलं काय पोचलं? लोकप्रतिनिधीने हे विचारायचं नाही तर कुणी विचारायचं?

‘तो पैसा शहरांना मिळालाच नसता’ हा युक्तिवाद मी इतक्या वेळा ऐकलाय की आता चीड येते. पुढच्या दशकात सिनेटमध्ये नासा, गृहनिर्माण व शहरविकास खातं आणि माजी सैनिकांचा विभाग या तिघांचा निधी एकाच उपसमितीकडे होता. विल्यम प्रॉक्समायर तिचे अध्यक्ष होते. एकाच कागदावर वर घरं, खाली नासाचं शटल यान. तिथे एका ओळीतला डॉलर दुसऱ्या ओळीत खरंच जाऊ शकत होता.

१९७० मध्ये मॉन्डेल यांनी सिनेटमध्ये शटल आणि अवकाशस्थानकाच्या निधीला विरोध केला. लोक कुपोषित आहेत, नद्या आणि सरोवरं सडली आहेत, शहरं आणि खेडी मरायला टेकली आहेत, अशा वेळी इतका अफाट खर्च सुरू करणं सदसद्विवेकाला धरून नाही, असा त्यांचा मुद्दा होता. ते हरले. प्रतिनिधीगृहात जोसेफ कार्थ यांनी तशीच दुरुस्ती आणली. मतं पडली ५३ विरुद्ध ५३. बरोबरीत गेली म्हणून दुरुस्ती पडली. कार्थ हे मिनेसोटाचे, अवकाश समितीत वर्षानुवर्षं काम केलेले गृहस्थ, नासाचे वैरी नव्हेत. अशा माणसालाही तेव्हा थांबावंसं वाटलं.


अवकाशवेडा

@ऋतुगंध: उपसमिती एक असली की प्राधान्य आपोआप न्याय्य होतं, असं नाही. युद्धाचा खर्च त्या कागदावर नव्हताच. ज्यांना बोलायला मोठा आवाज नाही अशांनाच एका ताटात बसवायचं आणि आपसांत भांडायला लावायचं, याला मी हिशेब म्हणत नाही. माजी सैनिक, बेघर आणि शास्त्रज्ञ एकमेकांच्या घासाकडे बघत बसले आणि पेंटागॉनचं ताट वेगळ्या खोलीत वाढलं गेलं.


मिशिगनवासी

मी गेली कित्येक वर्षं डेट्रॉइटच्या उपनगरात राहते. बारावा रस्ता आता रोझा पार्क्स बुलेव्हार्ड आहे. क्लेअरमाउंटच्या कोपऱ्यावर, जिथे ती धाड पडली, तिथे आता गॉर्डन पार्क नावाची छोटी बाग आहे आणि २०१७ मध्ये, पन्नास वर्षांनी, तिथे स्मृतिफलक लावला. मी पाहुण्यांना मुद्दाम तिथे नेते. आजूबाजूला मोकळे प्लॉट, गवत, मध्येच एखादं भक्कम विटांचं घर. दुकानांनी गजबजलेला रस्ता होता तो, हे सांगावं लागतं, दिसत नाही.

टाचण, तुमच्या धाग्याशी माझं मूळातूनच पटत नाही. शहरांना पुरेसे प्रश्न विचारले गेले नाहीत, असं तुम्ही म्हणता. मला वाटतं, प्रश्न कमी पडले नाहीत. उत्तर सगळ्यांना माहीत होतं आणि नको होतं.

अपोलोत गेलेले तिघे देशाचे लाडके होते. त्यांच्यासाठी वेब यांना घाम फोडणं कुठल्याही सिनेटरला मतदारसंघात महाग पडणार नव्हतं, उलट शाबासकीच मिळणार होती. आता डेट्रॉइटच्याच त्या आठवड्यातलं दुसरं प्रकरण घ्या. अल्जियर्स मोटेलमध्ये २५-२६ जुलैच्या रात्री पोलिसांच्या झडतीत तीन कृष्णवर्णीय तरुण गोळ्या घालून मारले गेले. तेही तिघेच. खटले चालले, शिक्षा एकालाही झाली नाही. तिथे ‘फिलिप्स अहवाल’ मिळाला नाही म्हणून न्याय अडला होता का? साक्षीदार समोर उभे होते. त्यांच्या सांगण्याला किंमत नव्हती.

कुणाच्या मरणाची चौकशी होते आणि कुणाच्या मरणाची नोंद होते, हे आधीच ठरलेलं असतं. चिकाटी नंतर येते.


सदूमास्तर

चर्चेत एक नाव अजून आलेलं नाही, ते आल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही: एडवर्ड ब्रूक.

मॅसॅच्युसेट्सचे रिपब्लिकन सिनेटर. लोकांच्या थेट मतांनी सिनेटवर निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय. जानेवारी १९६७ च्या सुरुवातीला त्यांनी शपथ घेतली आणि महिना संपायच्या आत अपोलोची आग लागली. ते अवकाश समितीवर होते. जुलैत जॉन्सन यांनी दंगलींचा आयोग नेमला, त्याच्या अकरा सदस्यांतही ते होते. म्हणजे टाचण यांनी मांडलेल्या दोन्ही चौकश्यांमध्ये हा माणूस स्वतः बसला होता. एकीकडे कॅप्सूलमधल्या तारांचं आवरण, दुसरीकडे न्यूअर्कमधली बेकारी.

सिनेट समितीचा अपोलोवरचा अहवाल ३० जानेवारी १९६८ ला आला. ब्रूक आणि इलिनॉयचे चार्ल्स पर्सी यांनी त्याला आपलं जादा मत जोडलं. मॉन्डेल यांनी स्वतंत्र मत जोडलं, ते फारच कडक आहे. टाळाटाळ, मोकळेपणाचा अभाव, काँग्रेसशी वडीलकीच्या सुरात बोलणं, रास्त प्रश्नांना पुरती उत्तरं न देणं आणि कंपनीचं मन दुखावू नये याची काळजी, असे दोष त्यांनी नासाच्या पदरात घातले.

आता त्यापुढचा आठवडा बघा. ६ फेब्रुवारी १९६८ ला याच दोघांनी, मॉन्डेल आणि ब्रूक यांनी, सिनेटमध्ये एक दुरुस्ती मांडली: घर विकताना किंवा भाड्याने देताना वंशावरून भेदभाव करायला बंदी. दक्षिणेतल्या सिनेटरांनी भाषणं लांबवून ती अडवून धरली. चर्चा थांबवायचा ठराव तीनदा पडला. मधल्या काळात, २९ फेब्रुवारीला, कर्नर अहवाल आला. ४ मार्चला चौथ्या प्रयत्नात ठराव निसटत्या मतांनी मंजूर झाला. एक महिन्याने, ४ एप्रिलला, सकाळी केप केनेडीहून अपोलो ६ उडालं आणि संध्याकाळी मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. वॉशिंग्टन पेटलं, कॅपिटॉलभोवती सैनिक उभे राहिले. १० एप्रिलला प्रतिनिधीगृहाने विधेयक मंजूर केलं, ११ तारखेला जॉन्सन यांनी सही केली.

तर टाचण, तुम्ही म्हणता ती चिकाटी दाखवली गेली होती. ज्यांनी नासाला धारेवर धरलं त्यांनीच शहरांसाठी कायदा आणला. एकाच खोलीत काय शिकले आणि दुसऱ्या खोलीत काय वापरलं हे मला सांगता येणार नाही, पण माणसं तीच होती आणि आठवडे लागून होते. म्हणून ‘नासाला छळणारे राजकारणी’ हे अवकाशवेडा यांचं चित्रही मला मान्य नाही.


खाचखळगे

सदूमास्तर, फार मोलाची माहिती. पण मला मुख्य धाग्यातल्याच एका गृहीतकावर बोलायचंय. अपोलोची शिस्त शहरांना लावली असती तर काही झालं असतं, असा सूर त्यात आहे. अहो, लावून पाहिली होती की!

१९६९ मध्ये जॉर्ज रॉम्नी गृहनिर्माण व शहरविकास खात्याचे मंत्री झाले. त्यांनी नासातून हॅरोल्ड फिंगर यांना आणून संशोधनाची धुरा दिली. फिंगर नासात अणुशक्तीवर चालणाऱ्या रॉकेटचं काम पाहिलेले, खंदे व्यवस्थापक. ‘ऑपरेशन ब्रेकथ्रू’ नावाचा कार्यक्रम निघाला. कारखान्यात घराचे भाग बनवायचे, जागेवर आणून जोडायचे, निविदा, चाचण्या, टप्पे, सगळं अंतराळ कार्यक्रमाच्या धर्तीवर. शेवटी नऊ ठिकाणी मिळून जेमतेम तीन हजार घरं उभी राहिली. कर्नर आयोगाने मागितली होती ६० लाख.

कारण सोपं आहे. चंद्राला महापालिका नाही. तिथे बांधकामाचे नियम गावागणिक बदलत नाहीत, गवंड्यांची आणि सुतारांची युनियन नाही, शेजारी येऊन ‘आमच्या गल्लीत ही माणसं नकोत’ म्हणत नाहीत. एक गिऱ्हाईक, एक मुदत, एक ठिकाण, म्हणून अपोलो जमलं. मी स्वतः बांधकाम क्षेत्रात आहे. आपल्याकडेही साधा जुन्या चाळीचा पुनर्विकास घ्या: इंजिनिअरचं काम दोन वर्षांचं असतं आणि माणसांच्या सह्या गोळा करण्यात दहा वर्षं जातात.


टाचण

खाचखळगे, फिंगर यांचं उदाहरण नेमकं आहे, तरी ते माझ्या म्हणण्याला लागू होत नाही. मी नासाच्या व्यवस्थापनाबद्दल बोलतच नाहीये. मी मॉन्डेल यांच्या प्रश्नाबद्दल बोलतोय. ‘हे तुम्हाला आधी माहीत होतं का? मग तुम्ही काय केलंत?’ हा प्रश्न विचारायला इंजिनिअर लागत नाही.

मिशिगनवासी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. उत्तर माहीत होतं आणि नको होतं, हे मला मान्य आहे. म्हणूनच तो प्रश्न हवा होता. कर्नर आयोगापुढे मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांची साक्ष झाली. त्यांनी आयोगालाच आरसा दाखवला. शिकागोच्या १९१९ च्या दंगलीचा अहवाल वाचला, तर तो न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या १९३५ च्या दंगलीचा वाटतो, १९४३ च्या हार्लेमचा वाटतो, लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीतल्या १९६५ च्या दंगलीचा वाटतो. तेच विश्लेषण, त्याच शिफारशी, तीच निष्क्रियता. आयोगाने ही साक्ष आपल्या अहवालात शेवटाशी छापली आहे.

फिलिप्स यांचा अहवाल आगीआधी तेरा महिने पडून होता, तर केवढा गहजब झाला. शहरांचा अहवाल अठ्ठेचाळीस वर्षं पडून होता. १९१९ पासूनच्या प्रत्येक कागदाची प्रत हातात घेऊन, गृहकर्जावर शिक्का मारणाऱ्या केंद्रीय गृहनिर्माण संस्थेच्या अधिकाऱ्यांना, पोलीसप्रमुखांना, महापौरांना कॅमेऱ्यांपुढे बसवून कुणी विचारलं का, की हा कागद तुमच्या कोणत्या टेबलावर थांबला? काळ्या वस्त्यांवर लाल रेघ मारून कर्ज नाकारणं ही केंद्र सरकारची छापील पद्धत होती. त्या पद्धतीला नाव होतं, पदं होती, सह्या होत्या. वेब यांच्याइतकीच नावनिशीवार जबाबदारी तिथे ठरवता आली असती.

आणि मास्तर, मॉन्डेल-ब्रूक कायद्याचा मला मनापासून आदर आहे. पण तो मंजूर करून घेताना त्याचे दात काढावे लागले. खात्याला समेट घडवायचा अधिकार मिळाला, आदेश द्यायचा मिळाला नाही. ते दात यायला १९८८ ची दुरुस्ती यावी लागली. तब्बल वीस वर्षं.


अवकाशवेडा

नासाने शहरांकडे पाठ फिरवली असा समज या धाग्यातून होऊ नये म्हणून लिहितो.

१५ जुलै १९६९, अपोलो ११ च्या उड्डाणाचा आदला दिवस. किंग यांच्यानंतर चळवळीची धुरा घेतलेले राल्फ ॲबरनथी गरीब कुटुंबांना आणि खेचरांच्या गाड्यांना घेऊन केपवर पोचले. नासाचे प्रमुख थॉमस पेन त्यांना भेटायला स्वतः मैदानात गेले, भुरभुर पावसात उभे राहिले. ॲबरनथींनी सांगितलं की देशातले पाचवा हिस्सा लोक अन्न, वस्त्र, निवारा, औषध यांना मोताद आहेत. पेन यांनी उत्तर दिलं, की उद्या चंद्राच्या रॉकेटचं बटण न दाबल्याने गरिबी सुटणार असती तर आम्ही ते दाबलं नसतं. गरिबीचा प्रश्न आमच्या कामापेक्षा कितीतरी अवघड आहे, हेही त्यांनी मान्य केलं. ॲबरनथींनी अंतराळवीरांसाठी प्रार्थना करायचं वचन दिलं आणि पेन यांनी त्यांच्या लोकांना उड्डाण पाहायला खास जागा दिल्या.

दोन महिन्यांनी याच पेन यांच्या नासाने विक्रम साराभाईंशी करार केला. त्यातून १९७५-७६ मध्ये अमेरिकन उपग्रहावरून आपल्या सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत शेतीचे, आरोग्याचे, शाळेचे कार्यक्रम दिसले. गरिबांच्या दारात अवकाश पोचलं, ते असं.


ऋतुगंध

पेन यांनी सभ्यपणा दाखवला, त्याबद्दल दुमत नाही. साराभाईंच्या त्या उपग्रह-दूरचित्रवाणीच्या ‘साइट’ प्रयोगाबद्दल तर अभिमानच आहे. मात्र राजस्थानातलं खेडं न्यूअर्कचं उत्तर होत नाही.

आणि नासाच्या स्वतःच्या घरात काय होतं? १९७१ मध्ये नासाने रुथ बेट्स हॅरिस या कृष्णवर्णीय बाईंना समान संधीच्या कामासाठी नेमलं. दोन वर्षांत त्यांनी आणि दोन सहकाऱ्यांनी वरिष्ठांना लेखी कळवलं की हा कार्यक्रम जवळजवळ पूर्ण फसला आहे. नासातले अल्पसंख्य कर्मचारी पाचेक टक्के होते, मोठ्या केंद्रीय संस्थांत सगळ्यात खाली. नासाने आजवर अवकाशात तीन माद्या पाठवल्या, असं त्यांनी त्या अहवालात लिहिलं. ॲराबेला आणि अनिता या दोन कोळिणी, आणि मिस बेकर ही माकडीण. ऑक्टोबर १९७३ मध्ये हॅरिस यांना काढून टाकलं.

जानेवारी १९७४ मध्ये प्रॉक्समायर यांच्या उपसमितीने नासाचे तेव्हाचे प्रमुख जेम्स फ्लेचर यांना बसवून याचा जाब विचारला. त्याच वर्षी हॅरिस परत कामावर आल्या. १९७८ च्या अंतराळवीरांच्या तुकडीत पहिल्यांदा स्त्रिया आणि कृष्णवर्णीय दिसले, ते नासाला आपणहून सुचलेलं नव्हतं. आधी आतून हॅरिस बोलल्या, मग बाहेरून सिनेट बोललं. काँग्रेसचे प्रश्न म्हणजे अवकाश कार्यक्रमावरचं संकट, हे म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. त्या प्रश्नांनी नासाला दोनदा सुधारलंय.


खाचखळगे

@टाचण: ‘हा कागद कोणत्या टेबलावर थांबला’ हा प्रश्न विचारला असता तरी प्रत्येकाने पुढच्या टेबलाकडे बोट दाखवलं असतं. गृहनिर्माण संस्था बँकेकडे, बँक दलालाकडे, दलाल गिऱ्हाइकाकडे. नासाकडे बोट दाखवायला एकच कंपनी होती.


मिशिगनवासी

खाचखळगे, त्या साखळीच्या टोकाला कोण होतं ते मी इथे राहून बघितलंय. टाचण, तुमच्या प्रश्नाचं उत्तरही त्यात आहे.

जॉर्ज रॉम्नी मंत्री व्हायच्या आधी मिशिगनचे गव्हर्नर होते. १९६७ च्या जुलैत डेट्रॉइट जळताना जबाबदारी त्यांच्यावर होती. तो आठवडा ते विसरले नाहीत. मंत्री झाल्यावर त्यांनी ठरवलं, की ज्या उपनगराला शहरविकासाचा केंद्रीय पैसा हवा असेल त्याने कृष्णवर्णीय कुटुंबांना घरं खुली केली पाहिजेत. पहिली मोठी कसोटी लागली वॉरेनमध्ये, डेट्रॉइटला लागून असलेल्या उपनगरात. वॉरेनच्या मोटार कारखान्यांत हजारो कृष्णवर्णीय कामगार रोज ये-जा करत, पण वॉरेनमध्ये राहणारी त्यांची घरं बोटांवर मोजण्याइतकी होती.

१९७० च्या उन्हाळ्यात बातमी फुटली आणि रॉम्नी स्वतः समजवायला आले. हा त्यांचाच प्रांत, त्यांना तीनदा निवडून दिलेली माणसं. लोकांनी त्यांची हुर्यो उडवली, गाडीला गराडा घातला, पोलिसांच्या बंदोबस्तात त्यांना बाहेर काढावं लागलं. नोव्हेंबरमध्ये वॉरेनने मतदान घेतलं आणि शहरविकासाचा केंद्रीय पैसाच नाकारला. पैसा आलेला होता, अवकाशवेडा. कायदा होता, मास्तर. कागद कुणाच्याही टेबलावर अडलेला नव्हता, टाचण. निक्सन यांनी मग रॉम्नींना आवरतं घ्यायला लावलं आणि १९७३ च्या सुरुवातीला रॉम्नी पायउतार झाले.

वॉरेनच्या त्या मतदारांना समितीपुढे बोलावून जाब विचारता येत नाही. आजही माझ्या शेजारणी घर बघायला निघाल्या की पहिला प्रश्न शाळेचा विचारतात, आणि शाळेच्या प्रश्नातून त्यांना नेमकं काय विचारायचं असतं ते दलालाला बरोबर कळतं. आपली मराठी माणसंही त्यात आहेत, मीही घर घेताना त्याच यादीतून घेतलं. हे तुम्ही कोणत्या चौकशीत बसवाल?


टाचण

मिशिगनवासी, बसवता येईल, आणि त्याची वाट १९६८ च्याच कायद्यात आहे. मतदाराला बोलावता येत नाही, दलालाला येतं. एकाच उत्पन्नाचे दोन ग्राहक, एक गोरा, एक कृष्णवर्णीय, एकाच दलालाकडे पाठवायचे आणि कुणाला कोणती घरं दाखवली ते टिपून ठेवायचं, ही पद्धत तिथल्या गृहहक्क संघटना अनेक वर्षं वापरतायत. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा तपासनीसांना स्वतः दावा लावायचा अधिकारही मान्य केला. ती नोंद हातात असली की ‘तुम्हाला माहीत होतं का’ हे दलालाला शपथेवर विचारता येतं. वॉरेनमध्ये १९७० साली असा एकही तपासनीस पाठवला गेला होता का, हे तुमच्याकडच्या जुन्या लोकांना विचारून इथे लिहाल का?